बिनतिकिटाचे रसिक

ग्वाल्हेर घराण्याची सुरुवात चोरून ऐकण्यातून झाली, हे आम्ही ग्वाल्हेरकर आल्यागेल्या पाहुण्याला मोठ्या अभिमानाने सांगतो. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खां नावाचे जबरदस्त तानबाज गवई होते. आपली तान दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपत. तेव्हा महाराजांनीच हद्दू आणि हस्सू या दोन पोरांना पडद्याआड बसवायची व्यवस्था केली, आणि काही दिवसांनी पोरांनी भर दरबारात खांसाहेबांची तान खांसाहेबांनाच ऐकवली, अशी आख्यायिका आहे. पुढे एका अवघड तानेपायीच हस्सू खांचा जीव गेला असंही सांगतात, पण तो भाग आम्ही पाहुण्यांचं जेवण झाल्यावर काढतो. सांगायचं ते एवढंच की ज्या घराण्याला सगळ्या ख्यालगायकीची गंगोत्री म्हणतात, त्याच्या मुळाशी दोन बिनतिकिटाचे श्रोते बसलेले आहेत.

तेव्हा उघड्यावर, भर वस्तीत, येणाऱ्याजाणाऱ्याला गाणं ऐकू येईल अशी जागा आमच्या शहराने करून ठेवली यात नवल नाही. जागेचं नाव बैजाताल. मोती महालासमोरचा तलाव, त्याच्याभोवती उतरत गेलेल्या पायऱ्या आणि पाण्याच्या मधोमध मंच. जवळच इटालियन गार्डन, थोडं पुढे गेलं की फूलबाग. मंचाला सगळे ‘तैरता मंच’ म्हणतात. तो खरोखर तरंगतो की नुसता पाण्यात पाय रोवून उभा आहे, यावर पायऱ्यांवर बसून पुष्कळ चर्चा होते. आमच्या मामांचं मत असं की मंच तरंगत नाही, त्यावर गाणाऱ्याचा षड्ज तेवढा तरंगतो. मामा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेले. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, म्हणजे पाणी आणि तरंगणं या दोन्ही विषयांत त्यांच्या शब्दाला वजन आहे.

ज्यांचं नाव या तलावाला आहे त्या बैजाबाई याच दौलतरावांच्या राणी. माहेरच्या कागलच्या घाटगे, सर्जेरावांची लेक. 1798 साली पुण्यात लग्न झालं. 1827 मध्ये दौलतराव गेल्यावर 1833 पर्यंत राज्याचा कारभार त्यांनीच पाहिला. घोड्यावर बसणाऱ्या, सावकारीत भल्याभल्यांना भारी पडणाऱ्या, इंग्रजांना शेवटपर्यंत न उलगडलेल्या. आज त्यांच्या नावाच्या पाण्याकडे पाठ करून मुलं-मुली मोबाइलसमोर नाचतात. बाईंनी हे पाहिलं असतं तर रागावल्या असत्या असं कुणाला वाटेल. मला वाटतं, त्यांनी आधी या नाचातून मिळकत किती होते ते विचारलं असतं आणि मग त्यावर कर्ज दिलं असतं.

कलाकार पाण्यात आणि श्रोते काठावर, ही रचना ज्या कुणाला सुचली त्याने ग्वाल्हेरचा श्रोता जवळून पाहिलेला असणार. आमच्याकडे ऐकणारा पहिल्या रांगेत बसला की हात वर करून सम दाखवतो. गवई समेवर आला तर स्वतःला दाद देतो, नाही आला तर शेजाऱ्याकडे पाहतो. मधल्या सुट्टीत मंचाजवळ जाऊन ‘आमच्या आजोबांनी ही चीज पंडितजींकडून ऐकली होती, त्यात कोमल निषाद असा नव्हता’ असं सांगितल्याशिवाय त्याचा चहा उतरत नाही. इथे पंडितजी म्हणजे कृष्णराव शंकर पंडित, हे बाहेरच्याने विचारायचं नसतं. बैजातालावर हा श्रोता पायरीच्या कडेपर्यंत येतो, पाण्याकडे पाहतो, चपलांकडे पाहतो आणि परत फिरतो. जुन्या किल्ल्यांना खंदक असत. इथे तो गवयाला मिळाला आहे.

ग्रीसमध्ये एपिडॉरस नावाचं एक जुनं, गोल पायऱ्यांचं नाट्यगृह आहे. मधोमध उभं राहून कागद फाडला तरी सगळ्यात वरच्या रांगेला ऐकू येतं, असं तिथले वाटाडे सांगतात. बैजातालावर नेमकं उलट घडतं. सगळ्यात वरच्या पायरीवर काकू जे बोलतात ते मंचावर ऐकू जातं. याला शास्त्रीय आधारही आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. पण निसर्गाला गवई कोण आणि काकू कोण हे कळत नाही. आलाप या काठाला येतो, आणि ‘अगं, तिच्या सुनेने भगर केली होती, त्यात बटाटा नव्हता’ हे त्या मंचाला जातं. एका तरुण गायिकेने अशाच वेळी विलंबितात जरा जास्तच वेळ विश्रांती घेतली. आम्हाला वाटलं, काय हा ठहराव! मामा म्हणाले, “ठहराव कसला, ती बटाट्याचं पुढे काय झालं ते ऐकतेय.”

भरतमुनींना हे सगळं आधीच माहीत होतं. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या नाट्यप्रयोगाची हकीकत आहे. तो इंद्राच्या ध्वजोत्सवात झाला, म्हणजे उघड्यावर, आणि त्याचा पार बोजवारा उडाला. कथानकात देवांचा जय आणि दैत्यांचा पराजय होता, आणि दैत्यही प्रेक्षकांत होते. ते चिडले. त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाचा, हालचाल आणि आठवण तिन्ही गोठवली. शेवटी इंद्राने ध्वजाची काठी घेऊन त्या विघ्नांना झोडपलं. त्यानंतर ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला बोलावून नाट्यगृह बांधायला सांगितलं. थोडक्यात, नाट्यगृहाची सोय झाली ती कलेच्या उन्नतीसाठी नव्हे, प्रेक्षकांपासून संरक्षण म्हणून. खांबाखांबावर, दारादारावर एकेक देव पहारेकरी नेमला गेला. आमच्या बैजातालावर मला एक शिट्टीवाला दादा दिसतो आणि तो पाण्यात पाय सोडलेल्या मुलांवर शिट्टी फुंकतो. शिट्टी काळी चारमध्ये आहे, असं मामा सांगतात.

याच ग्रंथात पुढे, प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसं ठरवायचं याचा अध्याय आहे, आणि त्यात प्रयोगावर येणाऱ्या आपत्तींची यादी आहे. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, वीज, मुंग्या, किडे. शिवाय शत्रूपक्षाने करायचे घात वेगळेच: आरडाओरडा, ढेकळं, शेण वगैरे. हत्ती आणि मुंगी एकाच दमात सांगणारा हा लेखक उघड्यावर बरेच कार्यक्रम करून पोळलेला असणार यात मला शंका नाही. आमच्याकडे हत्ती येत नाही. पण फूलबागेत गांधी प्राणी उद्यान आहे आणि तिथे वाघ आहेत, पांढरेसुद्धा. वारा त्या बाजूने असला आणि वाघाची जेवणाची वेळ झाली, की ते बिनमायक्रोफोनचं खर्जातलं काम कुठल्याही धृपदियाने हेवा करावा असं असतं. याच फूलबागेत गोपाळ मंदिर आहे, मोती मशीद आहे, गुरुद्वारा आहे, थिऑसॉफिकल लॉजसुद्धा आहे. सगळं माधवराव शिंद्यांनी एकाच आवारात वसवलं. सर्वधर्मसमभाव म्हणून ते उत्तमच आहे. पण संध्याकाळी मारवा लावून बसलेल्या गवयाला आरती, अजान आणि शबद या तिघांच्या सुरांतून आपला षड्ज शोधावा लागतो. थिऑसॉफिस्ट तेवढे शांत असतात. त्यांना काही म्हणायचं असलं तर ते मनात म्हणतात.

मुंग्यांबद्दल भरताचं बोलणं अक्षरशः खरं आहे. पायऱ्यांवर गजक खाल्ली जाते. थंडीतली मुरैन्याची गजक म्हणजे तीळ, गूळ आणि कुटणाऱ्याचे दंड यांचा पदार्थ. तो तोंडात टाकला की निम्मा आत जातो आणि निम्मा पायरीवर सांडतो. द्रुत सुरू होईपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते. मी पाहिलंय, त्या तालात चालतात. तीनतालात, पण थोड्या पुढे.

पायऱ्यांवर कार्यक्रम नसतानाची गर्दी कार्यक्रम असतानाच्या गर्दीपेक्षा जास्त शिस्तीची असते, हे एक कोडंच आहे. काही नसतं तेव्हा सगळे मंचाकडे तोंड करून शांत बसतात. निवृत्त मंडळी डावीकडे, तिथे उन्हं आधी जातात. लोकरीचं विणकाम घेऊन आलेल्या मावश्या मधोमध. एकमेकांपासून वीतभर अंतर ठेवून बसलेली जोडपी उजवीकडे, आणि ओळखीचा माणूस दिसला की ते अंतर हातभर होतं. बोट चालली असेल तर सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे जातात. आणि मंचावर माणूस आला, तंबोरे जुळायला लागले, की हीच मंडळी उठून फिरायला लागतात, एकमेकांना हाका मारतात, जागा बदलतात. मामांकडे याचंही उत्तर आहे. रिकामा मंच कधी चुकत नाही, म्हणून लोक त्याच्यासमोर निवांत बसतात. माणूस आला की तपासणी सुरू होते, आणि तपासणी काय बसून करायची असते?

तबलजी ठोकाठोक करत असतो तेव्हा पायऱ्यांवरचा प्रत्येक जण मनात तबला लावत असतो. ‘जरा चढा है’ असं एक जण पुटपुटतो. ‘नाही, डगा पडलाय’, दुसरा. यात दोष नाही. या शहरात 1914 साली निघालेलं शंकर गांधर्व महाविद्यालय आहे, भातखंड्यांनी 1918 मध्ये सुरू केलेलं माधव संगीत महाविद्यालय आहे. लश्करातल्या जुन्या मराठी घरांत निदान एक तरी माणूस असा सापडतो, ज्याने दोन वर्षं गाणं शिकून सोडलं. गाणं येणाऱ्यापेक्षा गाणं सोडलेला माणूस नेहमी कडक. तो फी भरून बसलेला असतो तेव्हा झालेल्या खर्चाला स्मरून थोडा नरमतो. फुकट बसला की त्याचा विवेक पूर्ण मोकळा असतो. 2023 च्या ऑक्टोबरात युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचं शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतलं, तेव्हा बाकीच्या देशाने अभिनंदन केलं. आमच्या गल्लीत मात्र युनेस्कोतल्या लोकांचं गाणं कुणाकडे झालंय याची चौकशी झाली.

संख्येचा मात्र आम्हाला धाक वाटतो. त्याच वर्षी 25 डिसेंबरला किल्ल्यावर तेराशेच्या आसपास तबलावादकांनी एकत्र बसून वाजवलं आणि विक्रम केला. तेही उघड्यावरच. त्या दिवशी मामांना पहिल्यांदा मी गप्प पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, “एकाची चूक धरता येते रे. तेराशेजणांत कुणाकडे बघायचं?”

मैफलीचं खरं उघड्यावरचं शिक्षण ग्वाल्हेरला मिळालं ते हजिरा भागातल्या तानसेन समारोहात. 1924 साली माधवरावांच्या काळात तो सुरू झाला आणि 2024 मध्ये शंभरावा झाला. सूफी संत महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनची साधी, छोटी समाधी. त्या आवारात मांडव घालून सकाळ-संध्याकाळ सभा चालतात. आरंभाला ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद. शहनाईवाले वाजवतात, आमच्या मराठी मठातले बुवा मकबऱ्याच्या आवारात कथा लावतात आणि शेजारी मौलवी मिलाद वाचतात. कुणालाच यात काही विशेष वाटत नाही. बाहेरून आलेले वार्ताहर मात्र दरवर्षी नव्याने गहिवरतात.

विशेष असते ती थंडी. ग्वाल्हेरची डिसेंबरातली रात्र ज्याने उघड्यावर काढली नाही त्याने भैरव आणि भैरवीमधलं अंतर अनुभवलेलं नाही. पारा पाच अंशांकडे सरकत असतो. मंचावर देशातला पहिल्या प्रतीचा सतारिया बोटं चोळत बसलेला, तारा दर दहा मिनिटांनी उतरणाऱ्या. समोर श्रोते नसतात, रजया असतात. दाद द्यायला हात बाहेर काढावा लागतो, म्हणून दाद फार विचार करून दिली जाते. मला वाटतं, ग्वाल्हेरच्या श्रोत्याला चोखंदळ म्हणण्याची पद्धत यातूनच पडली असावी. तो चोखंदळ नाही, गारठलेला आहे. एकदा माझ्या पुढच्या रजईतून मध्यरात्रीनंतर स्पष्ट घोरणं आलं. गवई तीव्र मध्यमावर होते. रजईच्या आतला माणूस बरोबर मध्यमावर, पंचमाला न शिवता, तसाच थांबला. मामांनी मला कोपराने ढोसलं. “शिकलेला आहे,” म्हणाले.

समाधीजवळच्या चिंचेचं तर सर्वांना ठाऊकच आहे. पानं चघळली की गळा गोड होतो ही समजूत इतकी पक्की की मूळ झाड लोकांनी राखलं नाही. आज आहे ते नंतरचं. त्यालाही जाळीच्या आत ठेवावं लागतं. रियाजापेक्षा चिंच स्वस्त पडते. या झाडाची एक फांदी बैजातालावर लावावी, असं मामांचं म्हणणं होतं. पुढे त्यांनीच ते मागे घेतलं. पानं खाऊन प्रेक्षकच गायला लागले तर ऐकायचं कुणी?

बेहटला, तानसेनच्या गावी, एक शिवमंदिर आहे. तानसेन गायला तेव्हा ते एका बाजूला कललं, असं गाव सांगतं. समारोहातली एक सभा तिथेही होते. तिथे जाणारे कलाकार देवळाकडे पाहून नमस्कार करतात, आणि मग जरा सांभाळूनच गातात, असा माझा समज आहे. मी एकदा मैफल संपल्यावर गावातल्या एका आजोबांना विचारलं, आज काही फरक पडला का. त्यांनी देवळाकडे नीट पाहिलं. “नहीं भैया,” म्हणाले, “सीधा भी नहीं हुआ.”

आता थोडं तिकिटाविषयी. शास्त्रीय गाण्याचे जाहीर कार्यक्रम तिकीट लावून करायची सुरुवात केली ती विष्णु दिगंबर पलुसकरांनी, असं संगीताचा इतिहास लिहिणारे सांगतात. पलुसकर म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे थेट ग्वाल्हेर गायकीचे. मग हा तिकिटाचा पहिला प्रयोग त्यांनी कुठे करावा? सौराष्ट्रात. घराणं ग्वाल्हेरचं, तिकीट काठेवाडचं. गुरूकडून त्यांना चिजांबरोबर आमच्याबद्दलची माहितीही मिळालेली असणार, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

बैजातालावरचा श्रोता त्यामुळे एका अर्थाने सार्वभौम आहे. त्याने पैसे मोजलेले नाहीत, म्हणून तो वसुलीसाठी बसत नाही. दार नाही, म्हणून उठून जाताना कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही. छप्पर नाही, म्हणून कंटाळा आला तर आकाशाकडे पाहता येतं. मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित सभागृहात माणूस चौथ्या रांगेत अडकलेला असतो, म्हणून दोन तास रसिक राहतो. इथे जो शेवटपर्यंत बसला तो खरोखर बसलेला असतो. किंवा त्याची गाडी मागच्या गाडीने अडवलेली असते. कलाकारांनी दोन्हीतला फरक फार तपासू नये.

गेल्या थंडीत मी मामांना सहज म्हटलं, समजा उद्या इथेही तिकीट लावलं, वीस-पंचवीस रुपये, तर? पायऱ्या स्वच्छ राहतील, गजक बाहेर थांबेल, मुंग्या येणार नाहीत, काकूही जरा हळू बोलतील. मामांनी मफलर सैल केला. त्यांना हा विचार मुळीच वाईट वाटला नाही.

“लावावं की,” म्हणाले. “अवश्य लावावं. कलाकाराचा मान राहतो.”

“मग तुम्ही काढाल?”

“मी कशाला? मी तिकडे रस्त्यावर उभा राहीन, मोती महालाच्या बाजूला. तिथे आवाज जास्त साफ येतो. शिवाय चहावाला तिथेच आहे.”